साइनने काट मारलीत की दोन उत्तरं गेली

बारावीत त्रिकोणमितीय समीकरणं सुरू झाली की सूत्रांचीच धास्ती वाटते. ती सोडा. जनरल सोल्यूशनची मूळ सूत्रं तीनच: साइनचं, कॉसचं, टॅनचं. थोडी गणितं सोडवली की ती हाताला बसतात. मार्क जातात ते भलतीकडेच.

हे समीकरण घ्या: साइन २क्ष = साइन क्ष, क्ष ०° पासून ३६०° च्या आत. साइन २क्ष म्हणजे २ साइन क्ष कॉस क्ष. आता साइन क्ष दोन्हीकडे दिसतो आणि हात आपसूक काट मारायला जातो. उरतं २ कॉस क्ष = १, म्हणजे ६०° आणि ३००°. मूळ समीकरणात घालून बघा, दोन्ही जुळतात. पण ०° आणि १८०° कुठे गेले? तिथे साइन क्ष शून्य, दोन्ही बाजू शून्य, म्हणजे समीकरण खरंच. काट मारताना ‘साइन क्ष शून्य नाही’ हे आपण न बोलता धरून चाललो. मला हे उमगायला फार वेळ लागला, कारण ताळा प्रत्येक वेळी जुळायचा. हातात असलेली उत्तरं कितीही तपासा, हरवलेलं त्यात सापडणार नाही. म्हणून सगळं डावीकडे आणा आणि सामाईक काढा: साइन क्ष (२ कॉस क्ष − १) = ०. चारही उत्तरं मिळतात.

सीईटीत ५० गणितं, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे पर्याय घालून बघायची ट्रिक सगळे शिकवतात. इथे तिच्यावर विसंबू नका. ‘६०°, ३००°’ हा पर्यायही जुळतोच की! माझं स्पष्ट मत आहे: ‘इथे का भागलं?’ या प्रश्नावर जे चिडत नाहीत, त्याच सरांकडे शंका न्या.

वर्ग केला की उलटं होतं, उत्तरं वाढतात. साइन क्ष + कॉस क्ष = १ चा वर्ग केला की साइन २क्ष = ०; त्यातून ०°, ९०°, १८०°, २७०°. शेवटच्या दोघांना बेरीज −१ येते, ती खोडा. हे मात्र ताळ्यात पकडलं जातं, घाबरू नका.

आयडेंटिटीबद्दल शंका आली, उदाहरणार्थ साइन २क्ष म्हणजे २ साइन क्ष तर नव्हे, तर ३०° घाला: एकीकडे सुमारे ०.८६६, दुसरीकडे १. निकाल लागला. ०° घालू नका, तिथे चुकीचंही जुळतं. आणि १ − साइन² क्ष चं वर्गमूळ कॉस क्ष नाही, त्याची अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू आहे. दुसऱ्या क्वाड्रंटमध्ये चिन्ह दगा देतं.

भागायचं कधीच नाही असं नाही. साइन क्ष = कॉस क्ष मध्ये कॉसने खुशाल भागा. कॉस शून्य असेल तिथे साइन १ किंवा −१ असतो, म्हणजे तिथलं उत्तर नव्हतंच. टॅन क्ष = १, म्हणून ४५° आणि २२५°. फक्त हे कारण भागायच्या आधी एका ओळीत लिहा.