कॅपाडोशियाची एक दिवसाची टूर: या चुका टाळा, नाहीतर दगड दिसतील आणि चर्च राहून जातील

तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाहून परतलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? आधी पहाटेचे बलून येतात, मग उंटासारखा दिसणारा दगड, मग गुहेतल्या हॉटेलची खोली. खडकात कोरलेल्या तोकाली चर्चच्या निळ्या भिंतींचं विचारलं तर बरेच जण गप्प होतात, कारण त्या त्यांनी पाहिलेल्याच नसतात. पहिल्या खेपेला माझंही तेच झालं. सासू-सासरे सोबत होते, म्हणून एकाच दिवसात सगळं उरकणारी टूर घेतली आणि ग्योरेमे गावाजवळच्या संग्रहालयात आमच्या वाट्याला आली चाळीस मिनिटं. चार वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा कळलं, की पहिल्या वेळी आपण काय मागे टाकून आलो होतो. दोन्ही वेळच्या अनुभवातून हे लिहिते आहे.

लाल आणि हिरवी एका दिवसात बसवणं

तिथल्या टूर रंगांच्या नावाने ओळखल्या जातात. लाल टूर म्हणजे उत्तरेकडची: ग्योरेमेचं खुलं संग्रहालय, उचहिसारचा खडककिल्ला, पाशाबाग, देवरेंतची दरी, आवानोस गाव. ही ठिकाणं एकमेकांपासून जवळ आहेत. हिरवी टूर दक्षिणेला जाते: जमिनीखालचं एखादं शहर, इहलारा दरी, सेलिमेचा मठ. इहलाराला पोचायलाच ग्योरेमेहून तासाभराहून जास्त वेळ लागतो. आता या दोन्हींतलं निवडक घेऊन केलेली 'मिक्स' टूर स्वस्तात मिळते आणि हातात एकच दिवस असला की ती मोहात पाडते. पण तिच्यात दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो, आणि वेळ कमी पडला की कात्री लागते ती चर्चच्या वेळेला. जेवण आणि दुकानं ठरलेली असतात, ती हलत नाहीत.

एकच दिवस असेल तर माझं स्पष्ट मत: लाल टूर घ्या. दोन दिवस असतील तर दोन वेगळ्या टूर घ्या आणि मध्ये रात्रीची झोप नीट काढा. इस्तंबूलहून रात्रभर बसने येऊन सकाळी तोंड धुऊन लगेच टूरला निघणारे लोक मी दोन्ही वेळा पाहिले. दुपारी गाडीत सगळे झोपलेले असतात आणि गाइड पुढे एकटाच बोलत असतो.

बलूनचंही तसंच. पहाटे चारच्या सुमाराला उठावं लागतं, आणि वारा असेल तर विमान वाहतूक खात्याकडून उड्डाणाची परवानगीच मिळत नाही. शेवटच्या सकाळचं बलून ठरवलं आणि ते रद्द झालं तर दुसरी संधी उरत नाही. पहिल्या सकाळचं ठरवा.

दगड कसला आहे हे न समजता फोटो काढत सुटणं

दगड ओळखल्याशिवाय तिथली चर्च उलगडत नाहीत. या भागातल्या ज्वालामुखींनी काही दशलक्ष वर्षांपूर्वी राखेचे थरच्या थर टाकले. ते दाबून मऊ, फिकट रंगाचा टफ तयार झाला. काही ठिकाणी त्याच्यावर कठीण दगडाचा थर बसला. पावसाने, वाऱ्याने आणि बर्फाने खालचा टफ झिजत गेला. जिथे वर कठीण टोपी शिल्लक राहिली तिथे तिच्याखालचा सुळका वाचला. टोपी पडली की सुळक्याचे दिवस भरतात. पाशाबागेत एकाच बुंध्यावर तीन-तीन टोप्या घातलेले सुळके आहेत, त्यांच्याकडे पाहिलं की हे सगळं एका नजरेत समजतं.

तुर्की लोक या सुळक्यांना 'पेरीबाजासी' म्हणतात, म्हणजे पऱ्यांची धुराडी. त्यातला 'पेरी' ही आपलीच परी, फारसीतून दोन्हीकडे गेलेली. पाशाबागेतला 'बाग'ही तसाच. तिकडे त्याचा अर्थ द्राक्षमळा.

आपण महाराष्ट्रातले लोक काळ्या कातळात कोरलेली लेणी पाहत मोठे झालो. सह्याद्रीचा बेसॉल्ट फोडायला काय कष्ट पडले असतील हे आपल्याला माहीत असतं. टफ त्याच्या उलट: साध्या हत्याराने खणता येतो, आणि हवा लागली की पृष्ठभाग थोडा कठीण होतो. त्यामुळे इथे राजाश्रयाशिवाय साध्या कुटुंबानेही घर, तबेला, कोठार खणलं, आणि मूठभर भिक्षूंनी चर्च खणलं. पण जो दगड सहज खणला जातो तो सहज झिजतोही. म्हणून भिंतीला टेकू नका, नखाने खरवडू नका, कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढू नका. वाटेवरच्या भुसभुशीत खड्यांवरून गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास घसरतात. चांगली पकड असलेले बूट घाला.

चर्चमध्ये आत जाऊन लगेच बाहेर येणं

ग्योरेमेचं खुलं संग्रहालय आणि आसपासची खडकातली स्थळं १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. संग्रहालय म्हणजे एका छोट्या दरीभोवती खडकात कोरलेली चर्च, प्रार्थनाघरं, आणि भिक्षूंचं जेवणघर. त्या जेवणघरात दगडाचं लांब टेबल आणि दोन्ही बाजूंचे बाक खडकातूनच काढले आहेत. तिथे मिनिटभर थांबा. चित्रांपेक्षाही त्या टेबलापाशी कळतं, की इथे माणसं रोज जगत होती.

आत शिरल्यावर पहिली चूक म्हणजे लगेच भिंतींकडे बघणं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. दोन मिनिटं नुसतं उभं राहा. मग वर बघा. घुमट दिसेल, कमानी दिसतील, खांब दिसतील. आणि यातलं काहीही छत तोलून धरत नाही! बांधलेल्या चर्चला घुमट आणि खांब लागतात म्हणून इथे खडकातही ते कोरले आहेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यात छताला दगडात लाकडी वाशांची नक्कल आहे, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ही गोष्ट पटकन उमगेल. हजारो मैलांच्या अंतरावर, वेगळ्या धर्मात, कोरणाऱ्याने तेच केलं: आधीच्या बांधणीची आठवण दगडात ठेवली. हे लक्षात आलं तेव्हा मला तिथून निघवेना.

दुसरी चूक तिकिटाची. 'कारानलिक', म्हणजे अंधाऱ्या चर्चसाठी आत वेगळं तिकीट लागतं आणि टूरच्या पैशात ते बहुतेक वेळा धरलेलं नसतं. गाइड 'ऐच्छिक आहे' म्हणतो आणि अर्धा गट बाहेर बसतो. कृपा करून बाहेर बसू नका. या चर्चला उजेड येतो तो एका छोट्या खिडकीतून, म्हणून रंग टिकले. पुढे बराच काळ तिथे कबुतरं होती. कबुतरांच्या विष्ठेचं खत द्राक्षमळ्यांना फार मोलाचं, म्हणून शेतकरी अशा जागा बंदिस्त करून कबुतरखाने करत, आणि त्या बंद भिंतींआड चित्रं वाचली. एल्माली आणि चारिक्ली या चर्चमध्येही अशाच धर्तीची चित्रं आहेत. पण रंगांचा ताजेपणा पाहायचा तर कारानलिकच.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सोपी. तोकाली चर्च संग्रहालयाच्या मुख्य फाटकाच्या आत नाही. बाहेर पडून उतारावरून थोडं खाली आल्यावर रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि संग्रहालयाचंच तिकीट तिथे चालतं. लोक फाटकातून बाहेर येतात, तिकीट टाकून देतात आणि गाडीत बसतात. आम्ही तेच केलं होतं. तोकाली हे या परिसरातलं सगळ्यात भव्य चर्च. त्याचा पुढचा जुना भाग दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, मागचा मोठा भाग त्यानंतर काही दशकांनी कोरलेला. त्या मोठ्या भागातला निळा रंग लाजवर्द दगडाचा आहे. दुसऱ्या खेपेला मी तिथे पाऊण तास होते. येशूच्या आयुष्यातले प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी मांडले आहेत, पूर्वी आपल्याकडे चित्रकथी एकेक पान उलटत गोष्ट सांगायचे तसे. म्हणून तिकीट खिशात ठेवा आणि गाइडला सकाळीच सांगा, की तोकालीला किमान वीस मिनिटं हवीत.

चर्चच्या आत फोटो काढायला बंदी आहे. पहारेकरी टोकतातच, पण त्यांनी टोकण्याची वेळ येऊ देऊ नये. अजिंठ्यात फ्लॅश मारणाऱ्याचा आपल्याला राग येतो ना, तोच न्याय इथे.

गाइडच्या सांगण्यातली एक गोष्टही तपासून घ्या. लाल रेघांची भौमितिक नक्षी आणि क्रूस दिसले, की 'हे चित्रबंदीच्या काळातलं' असं सर्रास सांगतात. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकात पवित्र चित्रांवर बंदी होती हे खरं, आणि ती ८४३ मध्ये कायमची उठली हेही खरं. पण लाल नक्षीसाठी प्रसिद्ध असलेलं संत बार्बराचं चर्च अकराव्या शतकातलं मानलं जातं. म्हणजे साधी लाल नक्षी बंदी उठल्यानंतरही काढत होते. गाइडला आदराने विचारा. चांगला गाइड अशा प्रश्नाने खुलतो.

आणि ही चर्च सोडून लोक गेले कुठे? गटातलं कुणी हे विचारत नाही याचं मला वाईट वाटतं. कॅपाडोशियात ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबं विसाव्या शतकापर्यंत राहत होती. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली आणि त्यांना घरंदारं सोडून ग्रीसला जावं लागलं. तिकडचे मुसलमान इकडे आले. फाळणीच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

जमिनीखालच्या शहरात बेसावध उतरणं

देरिन्कुयू म्हणजे 'खोल विहीर'. शहर सुमारे ८५ मीटर खोल आहे, त्यातले काही मजले पाहता येतात. तबेले, कोठारं, हवेसाठी खणलेले उभे बोगदे, आणि शत्रू आला की आतून लोटून वाट बंद करायचे जात्याच्या पाळीसारखे प्रचंड गोल दगड. अरब स्वाऱ्यांच्या काळात इथे लोक आसरा घेत.

माझ्या सासूबाई दुसऱ्या जिन्यावर थबकल्या. वाट एका माणसापुरती, छत इतकं बुटकं की कमरेत वाकावं लागतं, पुढे गट, मागे गट. त्यांना श्वास लागल्यासारखं झालं आणि परत फिरायला जागा नव्हती. आम्हाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. असं झालं तर काय करायचं ते आता सांगते. त्या माणसाला वाटेत बसवू नका. पुढच्या मोकळ्या दालनापर्यंत न्या, भिंतीच्या कडेला उभं करा, वरून हवा येते त्या बोगद्याजवळ थांबा आणि गट पुढे गेल्यावर गाइडकडून वर जाण्याची वाट विचारा. पण बंद जागेची भीती, दमा, हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर उतरूच नये. वरच्या मजल्यावरचा तबेला पाहून बाहेर यावं. कायमाक्लीचं शहर कमी खोल आहे म्हणून ते सोपं असेल असं समजू नका, तिथल्या वाटाही बुटक्याच आहेत. खाली बाराही महिने गारवा असतो, उन्हाळ्यातही पातळ स्वेटर जवळ असू द्या.

इहलाराचं गणित वेगळं. दरीत उतरायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पुढे मेलेंदिझ नदीच्या काठाने तीन-चार किलोमीटरची सपाट, सावलीची वाट आहे. बहुतेक टूर बेलिसिर्मा गावापाशी बाहेर काढतात, त्यामुळे त्या पायऱ्या परत चढाव्या लागत नाहीत. तरी बुकिंग करताना विचारून घ्या.

जेवण

शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. 'एतसिझ' म्हणजे मांसाशिवाय, पण कोंबडी म्हणजे मांस नव्हे असं काहींना वाटतं, म्हणून 'तावुक'ही नको असं वेगळं सांगा. पिलाव पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. मसुराचं सूप, पालक किंवा चीज घातलेलं ग्योझ्लेमे (तव्यावरची सारण भरलेली पातळ पोळी) आणि दही हमखास मिळतं, तरी सुपाच्या पाण्याचं विचारून घ्या. आदल्या दिवशी एजन्सीला लिहून कळवा. जेवण टूरमध्ये धरलेलं असलं तरी पाणी आणि आयरान (खारं ताक) यांचे पैसे बहुधा वेगळे द्यावे लागतात.

पैसे देण्याआधी न विचारणं

किती दुकानांत थांबणार? हा पहिला प्रश्न. ऑनिक्स, गालिचे, सुका मेवा अशा प्रत्येक थांब्याला अर्धा तास धरा, आणि तो वेळ चर्चमधून वजा होतो. दुकानांशिवायच्या टूरही मिळतात, थोड्या महाग असतात. आवानोसची कुंभारकामाची जागा मात्र मी टाळणार नाही. किझिलिर्माक नदीच्या लाल मातीवर चालणारं तिथलं काम पिढ्यांचं आहे.

गाइडकडे मंत्रालयाचा परवाना असतो आणि तो ओळखपत्र गळ्यात घालतो. ते दिसलं नाही तर विचारा. गटात किती माणसं, प्रवेशतिकिटं कोणती धरली आहेत, कारानलिकचं काय, हे लेखी घ्या. गाडी कुठून घेणार हेही नीट ठरवा. ग्योरेमेतल्या निम्म्या हॉटेलांच्या नावात 'केव्ह' आहे आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की गाडी दारापर्यंत येतेच असं नाही. आम्हाला एका सकाळी भलत्याच हॉटेलसमोर वीस मिनिटं शोधत होते.

आणि इतकं करूनही चर्च राहिलंच, तर हळहळत बसू नका. ग्योरेमे गावातून संग्रहालय जेमतेम दीड किलोमीटरवर आहे, पायी जाता येतं. उन्हाळ्यात टूर संपल्यावरही ते बहुधा उघडं असतं. बंद व्हायची वेळ सकाळीच बघून ठेवा. तिकीट पुन्हा काढावं लागेल, काढा. दिवसभरातल्या बसगाड्या तोवर निघून गेलेल्या असतात. आधी तोकालीला जा, मग वेळ उरला तर फाटकाच्या आत.