स्कॉटिश पूर्वज शोधताय? पॅरिशच्या वह्या वाचताना या चुका टाळा

स्कॉटलंडमधला पूर्वज शोधणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, नाव सापडत नाही. त्याहून धोक्याचा प्रकार दुसराच, आणि त्याची तक्रार कोणी करत नाही: नाव पटकन सापडतं. जॉन स्मिथ किंवा मार्गारेट मॅकडोनाल्ड टाकलं की ढिगाने माणसं समोर येतात. त्यातला एक जण आपल्या अंदाजाच्या वर्षाच्या आसपास बसतो आणि लगेच वंशावळीत त्याची प्रतिष्ठापना होते. पुढची सगळी पिढी मग दुसऱ्याच कोणाच्या तरी घरातली निघते.

कोणाच्या घरी एक स्कॉटिश पणजी असते, कोणी मुंबईतल्या जुन्या कबरीवरचं नाव घेऊन मागे जाऊ पाहतं, कोणी ग्लासगोत सोयरीक झाल्यावर नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला बसतं. या सगळ्यांचे हात त्याच त्या चार-पाच जागी अडकतात. उदाहरणासाठी मी कवी रॉबर्ट बर्न्सचं घर घेतो. त्या घराच्या नोंदी इतक्या वेळा चाळल्या गेल्या आहेत की कुठली नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तिथे स्वच्छ दिसतं.

जन्मापासून सुरुवात करणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. सुरुवात मृत्यूपासून करा. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. म्हणजे १७८५ मध्ये जन्मलेली बाई १८५६ मध्ये वारली असेल, तर तिच्या आई-वडिलांपर्यंत एका कागदात पोचता येतं. लग्नाच्या दाखल्यावरही दोन्ही बाजूंचे आई-वडील असतात. ही दोन नावं हातात नसताना अठराव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

मात्र मृत्यूची माहिती मेलेला माणूस देत नाही. दाखल्याच्या तळाशी खबर देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. मुलीने दिलेली माहिती आणि शेजाऱ्याने दिलेली माहिती यांत फरक करायला हवा. जावयाला सासऱ्याच्या आईचं माहेर आठवलं नाही तर तो सुचेल ते सांगून मोकळा होई.

१८५५ हे वर्ष तर पर्वणीच आहे. त्या एका वर्षी जन्माच्या दाखल्यावर आई-बापाचं वय, जन्मस्थान, त्यांचं लग्न कुठे-कधी झालं, आधीची भावंडं किती, हे सगळं विचारलं जाई. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थान आणि मुलांची नावं असत. इतकं लिहिणं जड झालं म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. १८५६ ते १८६० या काळातल्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदाराचं नावही नसतं, ते १८६१ पासून परत आलं. बहुतेक लोक आपला पूर्वज १८५५ मध्ये जन्मला-मेला नाही म्हणून हे वर्ष सोडून देतात. त्याऐवजी त्याच्या भावंडांपैकी कोणाला त्या वर्षी मूल झालं का ते बघा. भावाच्या बाळाच्या दाखल्यावरून आपल्या माणसाचं गाव सापडतं. हे अनेकदा घडतं.

सूची वाचून पान न उघडणं

नोंदींचं घर म्हणजे एडिंबरोतलं नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड, आणि त्यांची ऑनलाइन खिडकी म्हणजे स्कॉटलंड्सपीपल. तिथे सूचीत शोधणं फुकट असतं, दाखल्याच्या पानाचं चित्र उघडायला क्रेडिट, म्हणजे पैसे भरून घेतलेले गुण, लागतात. आपण काटकसरी माणसं. सूचीतलं नाव-वर्ष उतरवून घेतो आणि पुढे जातो. पण खरा माल पानावर असतो: वाडीचं किंवा शेताचं नाव, बापाचा धंदा, साक्षीदार, समासातली टीप. दोन जॉन स्मिथांपैकी आपला कोणता, हे गिरणीचं नाव सांगतं, वर्ष सांगत नाही.

१८५५ नंतरच्या दाखल्याच्या डाव्या समासात दुरुस्ती-नोंदवहीचा उल्लेख असेल तर तो न चुकता उघडा. बाप कोण याचा निकाल कोर्टात लागला असेल, किंवा अपघाती मृत्यूची चौकशी झाली असेल, तर ते त्या वेगळ्या वहीत असतं. मूळ दाखल्यावर ते दिसणार नाही.

आणि अलीकडचे दाखले दिसत नाहीत म्हणून गोंधळू नका. जन्माच्या नोंदी १०० वर्षं, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षं झाल्याखेरीज त्यांची पानं ऑनलाइन खुली होत नाहीत.

बायकोला नवऱ्याच्या आडनावाने शोधणं

आपल्याकडच्या सवयीमुळे हे हमखास होतं. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं कायदेशीर आडनाव माहेरचंच राही. बर्न्सची आई मरेपर्यंत कागदोपत्री ॲग्नेस ब्राऊन असली तर त्यात नवल काही नाही. मृत्यूच्या नोंदीत दोन्ही आडनावं येतात, कबरीच्या दगडावर बहुधा माहेरचंच, जनगणनेत मात्र पुष्कळदा नवऱ्याचं. विधवा झालेली बाई जनगणनेत अचानक नव्या आडनावाने दिसली तर तिचं दुसरं लग्न झालं असं धरून चालू नका. ती जुन्या आडनावावर परत गेली असेल.

आडनावाच्या स्पेलिंगवर तर अडून बसूच नका. बर्न्सचे वडील स्वतःचं आडनाव बर्नेस अशा वळणाने लिहीत, एअरच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या परिसराच्या, वहीत १७५९ साली मुलाची नोंद बर्न्स अशी झाली, आणि रॉबर्टने स्वतः ते छोटं रूप १७८६ मध्ये पक्कं केलं. एकाच घरात हे. लिहिणारा कारकून कानावर पडेल तसं लिही. पहिल्या नावांचंही तसंच: जीन, जेन आणि जॅनेट एकमेकींच्या जागी येतात, जेसी म्हणजे बहुधा जॅनेट, डोनाल्डचा डॅनियल होतो, पीटरचा पॅट्रिक. शोधताना नावाचा अर्धा भाग टाकून पुढे तारका चिन्ह द्या.

पॅरिश वहीला जन्म-मृत्यूची नोंदवही समजणं

१८५५ पूर्वीच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. पॅरिशच्या जुन्या वह्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या होत्या. पहिली १५५३ सालची, पर्थशरमधल्या एरल गावची. पण कित्येक पॅरिशांच्या, विशेषतः हायलंड आणि बेटांवरच्या, वह्या त्यानंतर फार उशिरा सुरू होतात. लिहिला जाई तो बाप्तिस्मा, जन्म नव्हे. लिहिली जाई ती लग्नाची चर्चमधली घोषणा, लग्न नव्हे. आणि दफनाची नोंद बहुतेक ठिकाणी नाहीच. असलीच तर शवपेटीवर घालायची चादर भाड्याने दिली त्याचा हिशेब असतो, तो चर्चच्या जमाखर्चात.

म्हणून एकच जोडपं दोन पॅरिशांत, दोन वेगळ्या तारखांना 'लग्न करताना' दिसलं तर ती दोन लग्नं नाहीत. नवरदेव एका पॅरिशचा आणि वधू दुसऱ्या पॅरिशची, तर घोषणा दोन्हीकडे होई. दोन्ही पानं बघा, कारण एखाद्या कारकुनाने वधूच्या बापाचं नाव लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने नाही.

काही लग्नं तर घोषणेशिवायच होत. दोघांनी परस्परांना नवरा-बायको म्हणून मान्य केलं की स्कॉटिश कायद्याने लग्न लागे, आणि हा प्रकार १९४० पर्यंत वैध होता. बर्न्स आणि जीन आर्मर यांचं असंच. रीतसर घोषणा शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. पण मॉखलिन चर्चच्या पंचमंडळाच्या, म्हणजे कर्क सेशनच्या, ५ ऑगस्ट १७८८ च्या इतिवृत्तात दोघंही हजर होऊन आपलं अनियमित लग्न कबूल करतात, आणि बर्न्स गरिबांसाठी एक गिनी देतो. तोवर त्यांची पहिली जुळी मुलं जन्मून जवळजवळ दोन वर्षं झाली होती.

म्हणून माझा सल्ला: पॅरिशची वही कोरी निघाली की कर्क सेशनकडे जा. लग्नाआधी झालेलं मूल, त्याचा बाप कोण, कोणाला चर्चमध्ये सर्वांसमोर बसून दोष कबूल करावा लागला, कोणत्या विधवेला किती मदत मिळाली, कोण दाखला घेऊन दुसऱ्या पॅरिशला गेलं, हे सगळं तिथे आहे. बरीच इतिवृत्तं आता स्कॉटलंड्सपीपलवर पानं उलटत वाचता येतात. सूची नाही, अक्षर किचकट, वेळ जातो. तरीही साध्यासुध्या गरीब माणसाचं आयुष्य कळायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. १८४५ नंतर गरिबांची मदत पॅरोकियल बोर्डांकडे गेली, तेव्हा पुढचा माग त्यांच्या अर्जांत घ्या.

वही कोरी असण्याची कारणंही असतात. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. लोकांनी नोंद करणंच टाळलं. १८४३ मध्ये चर्च फुटलं, शेकडो पाद्री बाहेर पडून फ्री चर्चमध्ये गेले, त्यांच्यामागे लोकही गेले आणि त्यांचे बाप्तिस्मे वेगळ्या वह्यांत. त्याआधी १७३३ च्या फुटीतून निघालेली मंडळी होतीच, शिवाय कॅथलिक आणि बिशपांना मानणारे एपिस्कोपल. तुमच्या पॅरिशची वही कोणत्या सालापासून आहे, मधली किती वर्षं गायब आहेत, हे पाद्र्यांनीच लिहून ठेवलंय: १८३४ ते १८४५ दरम्यान निघालेल्या पॅरिशनिहाय वृत्तांतमालेत, न्यू स्टॅटिस्टिकल अकाउंटमध्ये, बऱ्याच ठिकाणी पॅरिशच्या वह्यांवर वेगळा परिच्छेद आहे. नोंद नाही असा निष्कर्ष काढण्याआधी तो वाचा.

पॅरिशच्या नावावरही नजर ठेवा. कर्कमायकल नावाचं पॅरिश एअरशरमध्ये आहे, डमफ्रीसशरमध्ये आहे, पर्थशरमध्येही आहे. परगणा लिहिल्याशिवाय पॅरिशचं नाव वंशावळीत उतरवू नये.

नावं ठेवण्याच्या प्रथेला पुरावा मानणं

थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या लोकांना ही प्रथा लगेच पटते आणि तिथेच घात होतो. बर्न्सच्या घरात बघा. थोरला रॉबर्ट, आजोबा रॉबर्ट. दुसरा गिल्बर्ट, आईचे वडील गिल्बर्ट. तिसरा विल्यम, वडील विल्यम. थोरली मुलगी ॲग्नेस, आईच्या आईचं नाव ॲग्नेस. अगदी नियमानुसार. दुसरी मुलगी मात्र ॲनाबेला. वडिलांच्या आईचं इझाबेला हे नाव शेवटच्या मुलीला मिळालं. प्रथेवर भिस्त ठेवून आजीचं नाव ॲनाबेला लिहिलं असतं तर चुकलंच असतं. आणि पुढच्या पिढीत खुद्द रॉबर्टने मुलांना मित्रांची आणि आश्रयदात्यांची नावं दिली: विल्यम निकोल, जेम्स ग्लेनकेर्न.

प्रथेवरून कुठे शोधायचं ते ठरवा, कोण सापडलं ते ठरवू नका. एकच नाव दोन भावंडांना दिसलं तर पहिलं मूल बहुधा दगावलेलं असतं, त्यामुळे थोरल्याचा बाप्तिस्मा धाकट्याला चिकटवू नका.

घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानावरच्या नोंदींनाही हाच न्याय. ते बायबल छापलं कधी ते शीर्षकपानावर बघा. १८४० च्या प्रतीत १८१० चे जन्म एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेले असतील, तर ते आठवणीतून उतरवलेत.

किरकोळ पण नडणाऱ्या

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. ३५ म्हणजे ३९ असू शकतं. घरातल्यांचं नातं त्या वर्षी लिहिलेलंच नाही, ते १८५१ पासून. जुन्या तारखांना इंग्लंडचा नियम लावू नका: स्कॉटलंडमध्ये १६०० पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होतं, इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत २५ मार्चला होई. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नाव नाही म्हणजे बापाने त्याला तोडलं असं नव्हे. १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे, ती थोरल्याला आपोआप जाई. तिचा माग वारस-नोंदींत आणि १६१७ पासूनच्या सेझिन, म्हणजे जमिनीच्या हस्तांतराच्या, नोंदवहीत घ्यावा लागतो.

माणूस हिंदुस्थानात आला असेल तर

बर्न्सची विल्यम आणि जेम्स ही दोन्ही मुलं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत इकडे होती; अशी घरं पुष्कळ. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ या मालिकेत आहेत (बंगालची एन/१, मद्रासची एन/२). इथे स्कॉटिश दाखल्यासारखी श्रीमंती मिळणार नाही: दफनाच्या नोंदीत सहसा वय आणि हुद्दा असतो, आई-वडील नसतात. त्यामुळे मुंबईतल्या कबरीवरून थेट स्कॉटलंडच्या पॅरिशवर उडी मारली की चुकीच्या घरात पडण्याचा संभव मोठा. मध्ये दोन पायऱ्या आहेत. माणूस कंपनीच्या फौजेत अधिकारी असेल तर त्याचे कॅडेट म्हणून भरतीचे कागद बघा. त्यांना मूळ पॅरिशमधला बाप्तिस्म्याचा उतारा जोडलेला असे. आणि मागे काही मालमत्ता ठेवून वारला असेल तर एडिंबरो कोर्टाची मृत्युपत्रं तपासा, कारण स्कॉटलंडबाहेर मेलेल्या स्कॉट माणसाची स्कॉटलंडमधली मालमत्ता एडिंबरोतूनच सोडवावी लागे. तिथे भाऊबहिणींची नावं गावासकट मिळण्याची शक्यता चांगली असते.