मितभाषी तरुणांनी गोव्यात नोकरी कशी शोधावी

नोकरीच्या शोधात असलेल्या लाजाळू मुलाला किंवा मुलीला घरचे आणि शेजारचे बहुतेक एकच सल्ला देतात : आधी चार लोकांत बोलायला शीक. सल्ला चुकीचा नाही, पण तो अंगवळणी पडायला काळ लागतो आणि पगाराची गरज त्याआधीच दारात उभी असते. म्हणून स्वभाव बदलण्याचा विषय येथे बाजूला ठेवला आहे. नोकरीपर्यंत नेणाऱ्या काही वाटांवर बोलण्याला फार वजन असते, तर काहींवर अगदी थोडे. ज्या वाटेवर काम किंवा गुण आधी दिसतात ती आधी धरावी, आणि जिथे बोलणे टळत नाही तिथे काय बोलायचे ते घरीच लिहून तयार ठेवावे.

कमी बोलण्याची सर्वांत उघड वाट सरकारी भरतीची. गोवा कर्मचारी निवड आयोग वर्ग ‘क’च्या पदांसाठी संगणकावर परीक्षा घेतो, त्यामुळे तेथे वाक्चातुर्यापेक्षा अभ्यास कामी येतो. मात्र कागदपत्रे जाहिरात निघण्याआधीच हाताशी हवीत. रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणी चालू असावी लागते, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून काढावा लागतो, आणि जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे ज्ञान इष्ट असे बहुधा नमूद असते. शेवटच्या आठवड्यात दाखल्यासाठी खिडकीवर हुज्जत घालण्याची वेळ येणे हे अबोल माणसासाठी मुलाखतीहून कठीण असते, तेव्हा ते काम आधीच उरकावे. परंतु सरकारी नोकरीचीच वाट पाहत घरी बसून राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अर्ज भरावा, अभ्यास चालू ठेवावा आणि त्याच वेळी दुसरीकडे कामाला लागावे.

हे ‘दुसरीकडे’ म्हणजे माझ्या मते पहिल्यांदा ॲप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. याचा अर्थ असा की वेर्णा, कुंडई, मडकई, थिवी किंवा पिसुर्ले येथील बऱ्याच कारखान्यांना अशा मुलांची गरज दरवर्षी असते, आणि तुम्ही अर्ज केला म्हणून त्यांच्यावर ओझे टाकले असे मुळीच होत नाही. लाजाळू माणसाच्या मनात ‘आपण उगाच त्रास देतो आहोत’ ही भावना घर करून असते, तिला हा कायदा हे चोख उत्तर आहे. फर्मागुडी, डिचोली, म्हापसा किंवा पेडण्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्यांनी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नाव नोंदवावे. पदविकाधारक आणि पदवीधरांसाठी तशीच वेगळी योजना आहे. विद्यावेतन पगाराच्या मानाने कमी असते, हे खरे. पण या काळात सुपरवायझर तुमचे बोलणे मोजत नाही, तुम्ही वेळेवर येता का, मोजमाप चुकवता का, सांगितलेले काम पुन्हा सांगावे लागते का, हे पाहतो. मुलाखतीच्या दहा मिनिटांत जे सांगता येत नाही ते असे महिनोन्‌महिने दिसत राहते, आणि त्याच खात्यात जागा निघाली की ओळखीच्या मुलाचा विचार आधी होतो.

कामाचे खाते निवडतानाही स्वभावाचा विचार करण्यात कमीपणा नाही. हॉटेलात फ्रंट ऑफिसला सतत बोलावे लागते, तर किचन, स्टोअर, अकाउंट्स आणि मेन्टेनन्समध्ये बोलणे कामापुरते असते. औषध कंपन्यांत पॅकिंगला आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांना क्वालिटी कंट्रोलला शांत, नोंदी नीट ठेवणारी माणसे लागतात. पेडणे तालुक्यातल्या मुलांना २०२३ पासून मोपा विमानतळामुळे गावाजवळ कामाची आणखी एक जागा झाली आहे. तेथेही प्रवाशांशी बोलण्याची कामे वेगळी आणि सामान, देखभाल, भांडार यांची वेगळी. हॉटेलांचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो, त्यामुळे बायोडेटा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोचायला हवा. चतुर्थीचा आठवडा मात्र सोडावा, त्या दिवसांत गोव्यात कुणी कुणाचा ईमेल उघडत नाही.

आता ओळखीचा प्रश्न. आपल्याकडे माणूस भेटला की तो कुठला, कुणाचा हे आधी विचारले जाते, आणि अनेक जागा जाहिरात येण्यापूर्वीच अशा ओळखीतून भरतात. संकोची मुले नेमके इथेच मागे राहतात, कारण ‘मी काम शोधतो आहे’ हे जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवात चारचौघांसमोर म्हणणे त्यांना जड जाते. ते मांडवात म्हणण्याची गरजच नाही. मोबाइलवर लिहून पाठवता येते, आणि लिहिलेला निरोप पुढे ढकलायला समोरच्यालाही सोपा जातो. उदाहरणार्थ : ‘मामा, मी यंदा आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स पूर्ण केला. तुमच्या कंपनीत मेन्टेनन्सला किंवा ॲप्रेंटिस म्हणून मुले घेतात का, आणि बायोडेटा कुणाकडे द्यायचा, एवढे कळवाल का? सोबत बायोडेटा जोडला आहे.’ यात नोकरी मागितलेली नाही, माहिती मागितली आहे. त्यामुळे मामाला अवघडल्यासारखे होत नाही आणि तुम्हालाही नकार ऐकावा लागत नाही. ‘कसलेही काम चालेल’ असे मात्र लिहू नये. ते वाचून तुम्हाला कुठे पाठवावे हे कुणालाच सुचत नाही.

वर्तमानपत्रातील ‘पाहिजेत’च्या जाहिरातीत पुष्कळदा केवळ फोन नंबर असतो. अशा वेळी चार वाक्ये कागदावर लिहावीत आणि कागद समोर धरून फोन लावावा : ‘नमस्कार, मी डिचोलीहून बोलतो. आजच्या पेपरातली स्टोअर असिस्टंटची जाहिरात पाहिली. जागा अजून रिकामी आहे का? बायोडेटा कुठे पाठवू?’ पलीकडून जे सांगतील ते त्याच कागदावर टिपावे आणि धन्यवाद म्हणून फोन ठेवावा. सकाळी साडेदहानंतर फोन करणे बरे, कारण दुपारी एकनंतर बरीच दुकाने आणि लहान कचेऱ्या बंद असतात आणि झोपेतून उठवलेला माणूस गोड बोलत नाही.

मुलाखतीची तयारी मात्र सविस्तर करावी. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा पहिला प्रश्न ठरलेला आहे, म्हणून त्याच्या उत्तरात काय शिकलो, हाताने काय केले आहे आणि कामावर कसा येणार, या तीन गोष्टी पाच-सहा वाक्यांत बसवून मोठ्याने म्हणून पाहाव्यात. तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, परंतु वाळपईच्या मुलाला वेर्ण्यात कामाला घ्यायचे तर पहिल्या आणि रात्रीच्या पाळीला तो पोचणार कसा, हीच मालकाची खरी काळजी असते. कंपनीची बस कोणत्या नाक्यावरून जाते याची चौकशी आधी करून ठेवलेली असली, तर ‘फोंड्यापर्यंत मी मोटारसायकलने येईन, पुढे कंपनीची बस आहे’ हे एक वाक्य इतर पुष्कळ वाक्यांचे काम करते.

इंग्रजीची भीती हे मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या गप्प बसण्याचे मोठे कारण आहे. प्रश्न इंग्रजीत आला, कळला, पण उत्तर जुळत नसेल, तर ‘सर, हें हांव कोंकणींत सांगूं?’ असे सरळ विचारावे. समोरचा गोव्याचा असेल तर बहुधा होकारच देतो, नसेल तर हिंदी आहेच. बरोबर एक फाइल असावी, तिच्यात स्वतः केलेल्या वायरिंग बोर्डाचे फोटो, टॅलीवर बनवलेल्या हिशेबाची छापील पाने, जे काही असेल ते लावावे. बोलणे अडखळले की फाइल पुढे सरकवावी, म्हणजे नजर तुमच्या चेहऱ्यावरून कामाकडे वळते आणि पुढचे प्रश्न तुम्हाला येत असलेल्या गोष्टींवर येतात. किचनसारख्या जागी ‘काम करून दाखवू का?’ असे आपणहून विचारण्यास हरकत नाही. पण चाचणीच्या नावाखाली आठवडाभर फुकट राबवून घेणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये.

कमी बोलणाऱ्या माणसाला प्रश्न न विचारता सही करण्याची सवय असते, आणि तिचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला कागदोपत्री काहीही दाखवले तरी पैसे देऊ नयेत. जहाजावरच्या नोकरीसाठी तर एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते आधी पाहावे, आणि परवाना असला तरी भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेण्याची त्याला मुभा नाही हे ध्यानात ठेवावे. रुजू होताना नेमणूकपत्र मागावे आणि त्यात पदाचे नाव, पगार आणि पाळीचे तास आहेत का ते वाचावे. नेमणूक कंपनीची आहे की कंत्राटदाराची, हेही त्याच कागदावर कळते. महिन्याचा पगार एकवीस हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर ती वर्गणी, तसेच भविष्यनिर्वाह निधीची कपात पगारपत्रकात दिसली पाहिजे. ती दिसत नसेल आणि तोंडी विचारायला जीभ रेटत नसेल, तर एचआरला दोन ओळींचा ईमेल पाठवावा. लेखी प्रश्नाला उत्तरही लेखी येते, आणि ते जपून ठेवता येते.