नवोदयच्या उताऱ्यांची तयारी: या वर्षी आधी मूकवाचन

गेल्या वर्षी आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील शाळेच्या पाचवीच्या मुलांना जवाहर नवोदय विद्यालयाच्या (केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या) सहावीच्या प्रवेशासाठीच्या निवड चाचणीला बसवताना भाषा विभागाची तयारी पूर्ण झाली आहे, असे मी धरून चालले होते. आम्ही महिनोन् महिने उतारे वाचले होते, पण ते सगळे मोठ्याने. परीक्षेहून परतल्यावर एक मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "मनात वाचलं की काय वाचलं ते कळेनाच झालं, बाई." पुटपुटत वाचतो म्हणून पर्यवेक्षकांनी त्याला दोनदा गप्प केले होते आणि त्याचे शेवटचे दोन उतारे कोरे राहिले होते. चूक त्याची नव्हती. मूकवाचन मी शिकवलेच नव्हते.

म्हणून या वर्षी जूनमध्ये शाळा उघडताच पहिले काम मूकवाचनाचे घ्यावे. सुरुवातीला पाच ओळींचा मजकूर द्यावा, डाव्या हाताचे बोट मिटलेल्या ओठांवर ठेवायला सांगावे, म्हणजे ओठ हलले की मुलाला स्वतःलाच कळते, आणि वाचून झाल्यावर कागद पालथा घालून काय वाचले ते दोन वाक्यांत विचारावे. मोठ्याने वाचणाऱ्या मुलाचे सगळे लक्ष उच्चाराकडे असते आणि त्याची नजर मागच्या ओळीकडे वळत नाही. उताऱ्याच्या परीक्षेत तर मागे वळूनच उत्तर शोधावे लागते. जुलैत पावसामुळे सुट्ट्या पडतात, तेव्हा घरी करायला हाच अभ्यास द्यावा.

परीक्षेचे स्वरूप मुलांना आकड्यांत सांगावे. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यांपैकी भाषेचे चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, म्हणजे २० प्रश्न आणि २५ गुण. भाषेसाठी ३० मिनिटे धरलेली असतात, त्यामुळे एका उताऱ्याला साडेसात मिनिटेही पुरती मिळत नाहीत, कारण उत्तरपत्रिकेवर उत्तरांचे गोळे रंगवण्याचा वेळ त्यातच जातो. शिवाय हा विभाग बुद्धिमत्ता आणि अंकगणितानंतर येतो, तेव्हा मूल दमलेले असते. दमलेले मूल जुन्या सवयीवर जाते आणि ती सवय मोठ्याने वाचण्याची असेल, तर गेल्या वर्षीचेच पुन्हा घडेल.

त्यानंतर खुणा करत वाचायला शिकवावे. आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा, आणि प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील आधाराची ओळ बोटाने दाखवता आली पाहिजे. मी सरावासाठी मलप्रभा नदीवर एक उतारा लिहिला होता: ती कणकुंबीजवळ उगम पावते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. त्यावर "उताऱ्यात कोणत्या नदीचा उल्लेख नाही?" असा प्रश्न होता आणि पर्यायांत म्हादई होती. म्हादई आपल्याच तालुक्यात उगम पावून गोव्याकडे जाते हे मुलांना ठाऊक असल्यामुळे अनेकांनी तिला वगळून भलतेच उत्तर निवडले. ठाऊक असलेले आणि उताऱ्यात लिहिलेले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा उताऱ्यांवरच चांगले समजते. गाव जितके ओळखीचे, तितका गोंधळ अधिक. "नाही", "वगळता", "चुकीचे" हे शब्द प्रश्नात दिसताच त्यांना गोल करण्याची सवय लावावी.

आपल्या भागातील मुलांची घरची मराठी कन्नड शब्दांनी भरलेली आणि गोड आहे, तिच्यात दोष काढू नये; मात्र उताऱ्यातील "तथापि", "परिणामी", "अन्यथा" हे शब्द घरी कोणीच वापरत नाही, म्हणून ते वाक्यांत घालून आधी ओळखीचे करून द्यावेत. अर्थ पाठ करून घेण्याचा उपयोग होत नाही. शीर्षकाच्या प्रश्नासाठी प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन शब्द लिहायला लावावेत. आणि हे सगळे मूकवाचनानेच करून घ्यावे. वर्गात आवाज नसला की शिक्षकाला काही शिकवलेच जात नाही असे वाटू लागते, मलाही वाटत असे. तरीही मुलांना मोठ्याने वाचायला लावू नये.

अर्ज भरताना परीक्षेचे माध्यम मराठी निवडले आहे याची पालकांसमोर खात्री करावी. उत्तरपत्रिकेवर पेन्सिल चालत नाही, निळे किंवा काळे बॉलपेन लागते आणि रंगवलेला गोळा बदलता येत नाही, म्हणून आधी उत्तर ठरवावे आणि मगच पेन टेकवावे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोणताही प्रश्न कोरा सोडू नये.

शेवटच्या पंधरवड्यात दोन तासांच्या पूर्ण सराव परीक्षा घ्याव्यात, मुलांना लांब लांब बसवून, पूर्ण शांततेत. प्रवेशपत्र, पेन, पाणी आणि गाडीची सोय आदल्या दिवशीच पाहावी. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर थांबताना मुलांकडून काही मोठ्याने म्हणून घेऊ नये. एक पान हातात द्यावे आणि ते ओठ मिटून वाचू द्यावे.