गोव्याच्या दाबोळी विमानतळाहून उडताना एक इंजिन गेलं तर

व्ही-वन (ज्याच्या आतच टेकऑफ थांबवता येतो तो वेग) ओलांडल्यावर इंजिन गेलं तर थांबायचा विचार मनातून काढा. एका इंजिनावर उड्डाण पुरं करता येईल, असा हिशोब करूनच तो वेग ठरवलेला असतो. एअरबसच्या ए-320 या दोन इंजिनांच्या विमानाचं नाक नेहमीपेक्षा सावकाश, साडेबारा अंशांपर्यंत उचला. रडर (शेपटीवरचं, पायाने चालणारं सुकाणू) मात्र तत्काळ हवा, चालू इंजिनाच्या बाजूच्या पायाने. हवेत आल्यावर बीटा टार्गेटची (विमान बाजूला किती घसरतंय ते स्क्रीनवर दाखवणारी) निळी खूण मध्यावर येईल इतकाच पाय द्या, मग ट्रिम करा, म्हणजे पायाचा जोर न लावता रडर तिथेच राहील.

400 फुटांपर्यंत गिअर (चाकं) वर घेणं आणि इशाऱ्याची घंटा बंद करणं, एवढीच दोन कामं. दाबोळीत धावपट्टी 26 वरून निघालात तर समोर समुद्र आहे. 08 वरून पूर्वेकडे सह्याद्री आडवा येतो. सत्तरी तालुक्यातलं सोंसोगोर शिखर 1,166 मीटर उंच आहे. म्हणून कंपनीने दिलेला इंजिन-आउट मार्ग टेकऑफ ब्रीफिंगमध्येच बोलून घ्यावा. ऐनवेळी चार्ट चाळत बसलं की वळण हुकतं.

यानंतर ईकॅम, म्हणजे बिघाड आणि त्यावर करायची कामं दाखवणारा स्क्रीन. खरा धोका इथे आहे आणि तो घाईचा आहे. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत एका एटीआर-72 विमानाचं दोन नंबरचं इंजिन गेलं, आणि कॉकपिटमध्ये बंद केलं गेलं एक नंबरचं, धड चालणारं. 43 जण गेले. म्हणून थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा), मास्टर स्विच (इंजिन बंद करणारा), फायर पुशबटण या तिन्हींवर आधी नुसता हात ठेवा, "इंजिन वन मास्टर" असं म्हणा आणि थांबा. दुसऱ्या पायलटने बोट नेमकं कुठल्या स्विचवर आहे ते पाहून "कन्फर्म्ड" म्हणावं. मगच स्विच हलवा. कानावर विसंबून, मान न वळवता दिलेलं "कन्फर्म्ड" सर्रास ऐकू येतं. ते शून्य कामाचं.

आग असेल तर लिव्हर आयडल (सर्वांत कमी जोरावर), मास्टर ऑफ, फायर पुशबटण, मग 10 सेकंद थांबून एजंट 1 (आग विझवणारी पहिली बाटली). इंजिनाचा वेग आणि आतला वारा उतरला की आग विझवणारा वायू टिकतो, नाहीतर तो बाहेर फेकला जातो. 30 सेकंदांनीही लाल दिवा गेला नाही तर एजंट 2. तिसरी बाटली नसते. एक इंजिन गेलेलं असताना टोगा (टेकऑफचा पूर्ण) थ्रस्ट 10 मिनिटंच चालतो, त्याआधी एमसीटीवर (सतत चालवता येणाऱ्या कमाल थ्रस्टवर) या.

मग मेडे (संकटाची हाक), ट्रान्सपॉन्डरवर 7700 (आणीबाणीचा कोड), किती माणसं आणि किती इंधन आहे ते एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला). दाबोळीचा एटीसी नौदलाचा आहे, त्यामुळे संरक्षण-हद्दीच्या अडचणी त्यांनाच आधी कळतात.

केबिन क्रूला निट्स द्या: काय झालं, काय करणार, किती वेळ, विशेष सूचना. "इंजिन नंबर एक बंद, दाबोळीला परततोय, 15 मिनिटं, उतरणं नेहमीसारखं" एवढं पुरे; त्यांनी ते परत म्हणून दाखवावं. उलट दिशेची माहितीही तितकीच मोलाची. 1989 मध्ये इंग्लंडात केगवर्थला पडलेल्या विमानात अनेकांना डाव्या इंजिनातून ज्वाळा दिसल्या होत्या. पायलटांनी उजवं बंद केलं होतं, आणि पाहिलेलं कॉकपिटपर्यंत पोहोचलंच नाही. 47 जण दगावले. केबिन क्रूने "इंजिन वन, डावं, ज्वाळा" असं नंबरासकट सांगावं. मागे तोंड करून उभं असताना डावं-उजवं उलटतं. बाजू विमानाच्या नाकाकडे तोंड करूनच मोजायची.

ए-320 ला हवेत इंधन सोडता येत नाही. आगीसारख्या बिघाडात स्क्रीनवर लाल लँड एसॅप (लवकरात लवकर उतरा) असेल तर जादा वजनानेही उतरा, पण टेकताना मिनिटाला 360 फुटांहून कमी वेगाने. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर एकच रिव्हर्स (वेग कमी करणारा इंजिनाचा उलटा जोर) चालतो आणि नाक त्याच्या बाजूला ओढलं जातं, पायाने सांभाळा. दाबोळी बंद असेल तर गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा जवळ आहे.

थांबल्यावर लगेच स्लाइड उघडायला सांगू नका. आधी अग्निशमन दलाला इंजिन बघू द्या. धूर असलेल्या बाजूचे दरवाजे बंदच ठेवा. सगळं शांत झाल्यावर सीव्हीआरचा (कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या यंत्राचा) सर्किट ब्रेकर काढायला इंजिनिअरला सांगा, नाहीतर जुन्या आवाजावर नवा चढतो आणि चौकशीला काहीच उरत नाही.