कंपनीची दप्तरं पाहायची आहेत? आधी आपण कोण ते ठरवा

बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी फौंड्री आणि मशीन शॉप घरच्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत. वडिलांमागे शेअर बहिणीच्या नावावर होतात, कारखाना भाऊ चालवतो, आणि तिला हिशेब कुणी दाखवत नाही. अशा बहिणीने कायदा नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे भागधारकाला सभासदांचं रजिस्टर, वार्षिक विवरणपत्र आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त कामकाजाच्या वेळेत फुकट पाहता येतं. इतिवृत्ताची प्रत मागितली, तर ती सात कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. फी पानाला जास्तीत जास्त १० रुपये. इतिवृत्त दाखवायला किंवा प्रत द्यायला नकार मिळाला तर कलम ११९ खाली बेंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणाकडून आदेश मिळवता येतो. ताळेबंद तर सभेआधी घरी यायला हवा.

खरी अडचण पुढे आहे. रोजकीर्द, खतावणी, व्हाउचर ही रोजच्या हिशेबाची दप्तरं भागधारकाला हक्काने मागता येत नाहीत, कंपनीच्या नियमावलीत (आर्टिकल्समध्ये) तशी तरतूद असेल तरच मागता येतात. कलम १२८ हा हक्क संचालकाला देतं, त्याच्याकडे शेअर कमी असोत किंवा अजिबात नसोत. म्हणून वाटणीच्या बोलणीत नुसत्या शेअरवर समाधान मानू नका, संचालकपद मागा.

मागणी लेखीच करा: कागदाचं नाव, कालावधी, तारीख. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. दादाला फोनवर सांगितलेलं पुढे सिद्ध होत नाही.