टॉमकॅटमध्ये जावाच्या क्लास फाइल्स नक्की कुठे टाकायच्या?

टॉमकॅट म्हणजे जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर. सर्व्हलेट (ब्राउझरच्या मागणीला सर्व्हरवरून उत्तर देणारा जावाचा क्लास) नीट कंपाइल झालं, एकही एरर नाही, आणि ब्राउझरमध्ये उघडलं की ४०४ (पान सापडलं नाही) नाहीतर क्लास-नॉट-फाउंड, असं होत असेल तर कोड उकरत बसू नका, आधी फाइल कुठे पडलीये ते बघा.

समजा ॲपचं नाव दुकान. टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये दुकान नावाचा फोल्डर करा, त्यात वेब-इन्फ (सगळी अक्षरं कॅपिटल, मधे डॅश) आणि त्याच्या आत क्लासेस, हे मात्र सगळं स्मॉलमध्ये. क्लास फाइल्स जातात त्या इथेच.

आता खरी गोची पॅकेजची, म्हणजे कोडच्या सुरुवातीला क्लासचा गट म्हणून जे नाव लिहितो त्याची. पॅकेज कॉम डॉट दुकान असेल तर क्लासेसच्या आत कॉम, कॉमच्या आत दुकान आणि तिथे आपल्या सर्व्हलेटची, समजा बिलसर्व्हलेटची, फाइल, असाच रस्ता लागतो. फाइल थेट क्लासेसमध्ये टाकली तर सर्व्हरला ती सापडत नाही, आणि मग वेब डॉट एक्सएमएलमध्ये (वेब-इन्फमधली ॲपची सेटिंग फाइल) पॅकेज काढून नुसतं बिलसर्व्हलेट लिहिलं की लॉगमध्ये 'राँग नेम' येतं. हे फोल्डर हाताने करायची गरजच नाही, जावासीला (जावाचा कंपायलर) डॅश डी देऊन क्लासेसचा पाथ द्या, तो सगळे फोल्डर आपोआप करतो. आणि पॅकेज ठेवाच, कारण बिनपॅकेजचा क्लास जेएसपीमध्ये (जावा कोड घातलेलं वेब पान) इम्पोर्ट होत नाही.

बाहेरून आणलेल्या जार (अनेक क्लासेस एकत्र बांधलेली फाइल), म्हणजे मायएसक्यूएलचा ड्रायव्हर वगैरे, वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरमध्ये, न उघडता तशाच. फक्त सर्व्हलेट-एपीआयची जार तिथे नको, ती टॉमकॅटकडे असतेच, कंपाइल करताना तेवढी क्लासपाथवर (कंपायलर क्लासेस जिथे शोधतो ती यादी) द्या.

क्लास फाइल्स वेब-इन्फच्या बाहेर, एचटीएमएलच्या शेजारी कधीच ठेवू नका. वेब-इन्फमधलं काहीही ब्राउझरला थेट मिळत नाही, बाहेरची क्लास फाइल मात्र कोणीही डाउनलोड करून डीकंपाइल करू शकतो, म्हणजे त्यातून परत कोड काढू शकतो, आणि त्यात कोणी डेटाबेसचा पासवर्ड लिहून ठेवला असेल तर तोही गेला!

जागा बरोबर असूनही चालत नसेल तर टॉमकॅटचं व्हर्जन बघा. १० पासून सर्व्हलेटच्या पॅकेजच्या नावात जावाएक्सच्या जागी जकार्ता आलंय, त्यामुळे ९ साठी लिहिलेलं सर्व्हलेट १० वर तसंच चालत नाही, इम्पोर्ट बदलून परत कंपाइल करावं लागतं.

नवीन क्लास टाकल्यावर ॲप रीलोड करा, डीफॉल्ट सेटिंगमध्ये टॉमकॅट स्वतःहून करत नाही. मेव्हन (जावा प्रोजेक्ट बांधून देणारं टूल) वापरत असाल तर हाताने कॉपी करू नका, वॉर (अख्खं वेब ॲप एका फाइलमध्ये) बनवताना तो क्लासेस जागेवर ठेवतो, शंका आली तर वॉर झिपसारखी उघडून आत बघा.